पाऊण पोट आणि पावणेचार इंच

परमपूज्य वहिनींस,

साष्टांग नमस्कार. या खेपेचा नमस्कार शब्दशः आहे, हे आधी नमूद करतो. गेली वीस वर्षं पत्राच्या माथ्यावर मी तुम्हाला जो साष्टांग नमस्कार घालत आलो, तो शास्त्राच्या दृष्टीने लटका होता. आठ अंगं जमिनीला टेकली पाहिजेत असा नियम. पण जे अंग त्या आठांत मोजलेलंच नाही, तेच माझ्या बाबतीत आधी जाऊन टेकत असे आणि उरलेली आठ त्याच्याभोवती अधांतरी राहत. काल सकाळी खोलीचं दार लावून मी प्रत्यक्ष घालून पाहिला. आठही टेकली. उठायला थोडा वेळ लागला, पण तो दोष वयाचा, नमस्काराचा नव्हे.

दादाचा खोकला कसा आहे? बातम्या ऐकताना तो अजून निवेदकाला उलट उत्तरं देतो का? देत असेल तर प्रकृती उत्तम आहे असं मी धरून चालतो. तुमच्या तब्येतीची चौकशी करायची सोय नाही. जिने तीस वर्षं शाळेत मुलींकडून कवायत करून घेतली, आणि निवृत्त झाल्यावरही जी गळ्यात शिट्टी असल्यासारखीच बोलते, तिला ‘बरी आहात ना’ विचारणं म्हणजे समुद्राला ‘पाणी आहे ना’ विचारणं. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. मात्र ते क्षेम कसं आलं, हे सांगायला पानं लागणार आहेत, तेव्हा दादाला चहा देऊन मगच बसा. (त्याला वाचून दाखवलंत तर मधल्या मधल्या ओळी गाळा, त्याच्यापुढे माझी थोडी पत आहे.)

आमचा हस्तलिखितांचा विभाग चौथ्या मजल्यावर आहे. शहाण्णव पायऱ्या. सामान वर ओढायची एक लहानशी लिफ्ट आहे, पण ती ग्रंथांसाठी, सूचीकारांसाठी नव्हे. चाळीस किलोंच्या वर भार घालू नये अशी तिच्यावर पाटी आहे, म्हणजे मला दोन खेपांत जावं लागलं असतं आणि तरी काही भाग खाली उरला असता. तेव्हा मी पायऱ्यांनी चढत असे. पहिल्या मजल्यावर एक विसावा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर आसन. लोक माझ्यावरून वेळ ओळखत. जिन्यात मी जिथे दिसेन त्यावरून कचेरी उघडून किती मिनिटं झाली याचा अंदाज बांधत, आणि तो सहसा चुकत नसे. एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून श्वासाची जुळवाजुळव करत बसलो होतो. अभ्यासाला आलेल्या एका वृद्ध बाईंची खात्री झाली की इथे काहीतरी विपरीत घडतंय. त्यांनी आपली पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर उपडी केली आणि मदतीसाठी हाका मारल्या. वरून आमच्या अधीक्षकबाई आल्या.

वरिष्ठ कठोर असला की भांडता येतं. प्रेमळ वरिष्ठापुढे माणसाचं काही चालत नाही. अधीक्षकबाईंनी मला स्वतःचा रुमाल दिला, डॉक्टरांकडे पाठवलं (डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, बाकीचं सगळं आपोआप उतरेल), आणि आठवड्याभराने बोलावून फार गोड आवाजात सांगितलं की तळमजल्यावर माझ्यासाठी टेबल मांडता येईल. काम हलकं. आत येणाऱ्यांच्या छत्र्या आणि पिशव्या ठेवून घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, जाताना बिल्ला घ्यायचा आणि छत्री द्यायची. गुबगुबीत खुर्चीही त्यांनी मागवून ठेवली होती. वहिनी, मी बावीस वर्षं त्या उत्तरेकडच्या खिडकीत बसून तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या शाईशी संसार केला आहे. अकराशे हस्तलिखितांची सूची झाली, दोनशे चाळीस उरली आहेत, आणि मी उठलो तर त्या जागेवर दुसरा माणूस नेमणार नाहीत, जागाच रद्द करणार, हे बाईंनी लपवलं नाही. ती दोनशे चाळीस कपाटातच राहतील आणि मी खाली कुणाची छत्री काळी आणि कुणाची जास्त काळी हे ठरवत बसेन. मी तीन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी दिली. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला पत्र टाकलं, आणि उलट टपाली तुमचा तो कागद आला.

त्या कागदाची स्तुती कुठल्या शब्दांत करावी? मी शिव्यांची तयारी ठेवून पाकीट फोडलं होतं. निदान उपास तरी असेल, पळणं असेल, दोरीवरच्या उड्या असतील. तर तुमच्या त्या टोकदार अक्षरात लिहिलेलं, की भाऊजी, तुमचं शरीर शत्रू नाही, त्याच्यावर चाल करून जाऊ नका. रोज अर्धा तास चाला. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येऊ नये, एवढाच वेग. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा. जेवताना वाचू नका. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवा, घास संपला की मगच उचला. पोट पाऊण भरलं की थांबा. आणि काट्यावर अजिबात उभे राहू नका, काटा फार बोलतो. तुमचे कपडेच सांगतील, कपड्यांना विचारा. बस्स. सूत्रकारांना याहून थोडक्यात लिहिता आलं नसतं, आणि त्यांच्या सूत्रांना भाष्यं लागतात. तुमचं कळायला मला फक्त चपला लागल्या.

चालण्याचं म्हणाल तर ‘बोलता आलं पाहिजे’ या अटीने सुरुवातीला मोठी पंचाईत केली. एकटा माणूस चालताना कुणाशी बोलणार? मी शब्दरूपं म्हणायला लागलो. दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एक विभक्ती. प्रथमेला निघायचं, संबोधनापर्यंत बागेचं फाटक. पहिल्या आठवड्यात तृतीयेलाच धाप लागायची आणि चतुर्थी बाकावर बसून म्हणावी लागायची. संध्याकाळी कुत्र्यांना फिरवायला येणारे लोक मला पाहून पलीकडच्या फुटपाथवर जात. एका गृहस्थांनी तर थांबून हळूच विचारलं की घरी काही वाद झाला आहे का. पण पाचव्या आठवड्यात मी एका दमात सगळ्या विभक्ती म्हणून फाटकाला हात लावला, आणि शाळेत पहिला आलो होतो त्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला त्या गंजक्या फाटकाचा झाला.

जेवणाचं प्रकरण याहून खोल निघालं. व्याकरणात बहुव्रीही म्हणजे ज्याच्यापाशी भात पुष्कळ आहे तो. आमच्या घरी या समासाचा विग्रह करून दाखवायची वेळ कधी आली नाही, मी समोर बसलेलाच असे. सूचीच्या चिठ्ठ्या ताटाशेजारी ठेवायच्या, डाव्या हाताने त्या उलटायच्या, उजव्याने खायचं, आणि ताट रिकामं झालं की जेवण झालं असं समजायचं, ही माझी पद्धत. तुमच्या आज्ञेने चिठ्ठ्या उचलल्या, चमचा खाली ठेवला आणि तोंडातल्या घासाकडे लक्ष दिलं. घेवड्याची भाजी होती. वहिनी, ती इतकी चांगली होती की मी न राहवून हिला विचारलं, आज यात वेगळं काय घातलंस? हिने माझ्याकडे पाहिलं, भाजीकडे पाहिलं आणि म्हणाली, सव्वीस वर्षं हेच घालतेय. मी पुढचे तीन घास मान खाली घालून खाल्ले. एरवी त्यानंतर सहा-सात तरी आणखी गेले असते, पण शरमेने पोट लवकर भरतं हे मला त्या दिवशी कळलं. (पाऊण पोट नेमकं कुठे येतं, हे मात्र बरेच दिवस कळेना. पोटावर आतून खुणा नसतात. शेवटी मी ठरवलं की ‘अजून थोडं घेऊ या का’ असा विचार जिथे मनात येतो तेच पाऊण. कारण पूर्ण भरल्यावर मी असा विचार कधी केलेला नाही, सरळ घेतलंच आहे.)

आता कपड्यांकडे येतो. हिचं शिवणकाम तुम्ही पाहिलेलं आहे. पुढची खोली म्हणजे तिचं दुकान; दोन मशीनं, मोठं कापायचं टेबल, खडूचे तुकडे, दाराच्या मागे हुकांची रांग. माझ्या चारही विजारी तिच्या हातच्या. घरात कमरेचा पट्टा नाही. मी एकदा विकत आणला होता, तर ही दोन दिवस बोलली नाही. शिवणारी घरात असताना पट्टा लावणं म्हणजे तिच्या हातावर अविश्वास, असं तिचं मत. तर तुमच्या आज्ञेप्रमाणे मी दर रविवारी सकाळी राखी विजार चढवून, गुंडी लावून, आरशापुढे उभा राहून तिला विचारत असे. पहिला रविवार: बरोबर बसली. ठीक आहे, आठवडाच झाला आहे. चौथा रविवार: बरोबर बसली. सहावा, आठवा: बरोबर. घट्ट नाही, सैल नाही, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. मी चिकाटी सोडली नाही, पण मनात म्हटलं, विभक्ती बदलते, वचन बदलतं, लिंगसुद्धा बदलतं. ही कंबर अव्यय दिसते. लोक म्हणत, चेहरा उतरलाय. मला वाटे, काळजीने. आणखी एक विचित्र गोष्ट होत होती. माझा रुमाल मागच्या उजव्या खिशात असतो. तो हळूहळू मध्याकडे सरकायला लागला. शेवटी शेवटी तर रुमाल काढायला पाठीमागे हात नेला की तो बरोबर मणक्याच्या शेपटाशी सापडे. मी समजलो, माझी बसायची ढब बदलली. मोठा सूक्ष्म निरीक्षक आहे मी. तीनशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाने कुठे टाक बदलला ते सांगतो.

मुदतीला चार दिवस उरले त्या सोमवारी मी हार मानली. तुम्हाला दोष दिला नाही, हे सांगतो. मला वाटलं, औषध उत्तम, रोगीच नालायक. घरी काही न बोलता निघालो आणि ठरवलं की अधीक्षकबाईंना आपणच जाऊन सांगावं, मला खाली पाठवा. त्यांनी बोलावून सांगण्यापेक्षा ते बरं दिसेल. आता एवढ्या प्रेमळ बाईंपुढे जायचं तर चार शब्द नीट जुळवलेले हवेत. मी जिन्याच्या पहिल्या पायरीपासून ते जुळवायला सुरुवात केली, मोठ्याने, कारण तीन महिन्यांत पाय उचलला की तोंड सुरू अशी सवय लागलेली. ‘आपण दाखवलेल्या सौजन्याला मी पात्र ठरलो नाही’ इथपासून आरंभ. मग हस्तलिखितांच्या उल्लेखाशी जरा गहिवर. तो एका जागी जास्त झाला म्हणून कमी केला, मागे जाऊन पुन्हा म्हटला. शेवटी छत्र्यांविषयी एक वाक्य, ज्यात कडवटपणा नसावा पण असल्याचा भास व्हावा. ते वाक्य बसेपर्यंत समोर बाईंचं दार आलं. मी आत गेलो आणि अथपासून इतिपर्यंत एका दमात सगळं म्हणून दाखवलं.

बाई टेबलाशी बसून पाणी पीत होत्या. त्या स्वतः दहा मिनिटांपूर्वीच चढून आल्या होत्या, आणि त्यांच्या वाक्यातला कर्ता अजून क्रियापदापर्यंत पोहोचत नव्हता. त्यांनी पेला ठेवला आणि विचारलं, “तुम्ही... कुठे कुठे थांबलात?”

मी म्हटलं, कुठे म्हणजे? भाषणात? तर म्हणाल्या, जिन्यात. मी आठवून पाहिलं. पहिला मजला आठवेना, दुसरा आठवेना, तिसऱ्यावरची माझी ती पायरी, जिच्यावर माझ्या नावाची पाटी बसवायचंच बाकी होतं, ती कधी मागे गेली ते आठवेना. मी म्हटलं, थांबलो नाही बहुतेक.

“चार मजले न थांबता चढून तुम्ही मला सांगताय... की चढवत नाही?” बाई म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा पाणी घेतलं, आणि जागेवर जा असा हात केला. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाल्या, की ती खालची खुर्ची परत पाठवायची नाही, मला लागेल.

मी खिडकीशी जाऊन बसलो. आनंद झाला हे खरं, पण तो घुणाक्षरन्यायाचा वाटला. किडा लाकूड खाता खाता चुकून एखादं अक्षर कोरतो, म्हणून तो साक्षर होत नाही. विजार तर म्हणतेय काही फरक नाही! संध्याकाळी घरी आलो तो थेट दुकानात. ही काळ्या कापडावर खडूने रेघ ओढत होती. मी सगळी हकिगत सांगितली, आणि शेवटी म्हटलं, एवढं सगळं झालं पण कंबर काही हलली नाही, हे कोडं सुटत नाही. हिने रेघ पुरी केली. मग वर न बघता म्हणाली, “पावणेचार इंच हललीय. चार खेपांत.”

मी उभाच. हिला माझं उभं राहणं कळेना. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. विजार कमरेशी ढिली दिसली, की ती उचलायची, मागची शिवण उसवायची, आत घ्यायची, इस्त्री करून परत खुंटीला लावायची. ढिली विजार डोळ्यांपुढून जाताना पाहणं हे तिला शक्य नाही, मग ती नवऱ्याची असो की वाटेने चाललेल्या परक्याची. पहिल्या खेपेला पाऊण इंच, मग एक, पुन्हा एक, परवा पुन्हा एक. चारही विजारी, प्रत्येक खेपेला. (म्हणून मागचे दोन खिसे एकमेकांच्या इतक्या जवळ आले. आता त्यांच्यात कागद जाईल एवढीच फट आहे.) मी विचारलं, हे केलंस कधी? तर म्हणाली, तुम्ही चालायला जाता ना, तेवढ्या अर्ध्या तासात एक कंबर होते.

वहिनी, म्हणजे मी बागेच्या फाटकाकडे विभक्ती म्हणत चाललेलो, आणि इकडे ही मी कमी केलेला एकेक इंच पुसून टाकत होती! मी म्हटलं, अगं, पण एका शब्दाने सांगायचं. हिने तेव्हा कुठे मान वर केली.

“तुम्ही फाटलेलं पान चिकटवता तेव्हा पानाला सांगता का?”

मी बसलो. म्हटलं, ठीक आहे, पुढे कधी जुनी कंबर पुन्हा लागली तर आतलं कापड सोडता येईल. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला हे लोक माया म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. (वेदान्ती म्हणतात ती मुळात नसते, शिंपी म्हणतात ती निदान दीड इंच असलीच पाहिजे. माझा कल अलीकडे शिंप्यांकडे झुकतोय.) सव्वीस वर्षांत हिच्या हातून माया न ठेवलेला कपडा गेलेला मी पाहिलेला नाही. माणसाचं काय सांगता येतं, असं ती गिऱ्हाइकांना सांगते. लग्नाच्या कपड्यातसुद्धा ठेवते. ही पुन्हा खडू घेऊन कापडावर वाकली आणि म्हणाली, “नाही ठेवली. कापली. परत कशाला लागतेय?”

मी पदव्या घेतल्या आहेत, एकदा पाठ थोपटून शालसुद्धा दिली आहे लोकांनी. त्या कुठल्याही दिवशी मला आपण एवढे विश्वासपात्र आहोत असं वाटलं नव्हतं. तुमच्या कागदाने मला चालायला लावलं, अधीक्षकबाईंच्या दमाने मला जागा दिली, पण आता जो पाऊण पोटावर चमचा खाली ठेवतो तो त्या कापलेल्या कापडाच्या धाकाने. परतीचा रस्ताच नाही. घरात एकही विजार अशी नाही जी मला जुन्या मापात परत घेईल.

दोनशे चाळिसांपैकी तीन हस्तलिखितं या आठवड्यात झाली. दादाला नमस्कार. तुम्हाला, वर सांगितल्याप्रमाणे, आठही अंगांनी.

तुमचा, सर्वार्थाने धाकटा,
दीर

ता. क. वरचं पत्र बंद करायला डिंक शोधत होतो. हिच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यावर चिठ्ठी डकवलेली: ‘टाकायचे’. आत माझ्या चारही विजारींच्या कापलेल्या पट्ट्या, घडी घालून, इस्त्री करून, रंगवार टाचण्या लावून ठेवलेल्या. राखीला राखी दोऱ्याचं रीळही सोबत. मी डबा होता तसा बंद केला. विश्वासाविषयी वर जे लिहिलं आहे ते खोडत नाही. ते वाचताना एवढं फक्त लक्षात असू द्या.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. ही बावीस वर्षांत माझी खोली बघायला एकदाच निघाली होती. मी चष्मा घरी विसरलो तेव्हा. दुसऱ्या मजल्यापर्यंत आली, तिथे गुडघ्यांनी नाही म्हटलं, तेव्हा चष्मा कुणाच्या तरी हाती वर पाठवला आणि तशीच परत गेली. दिवसाचे नऊ तास ती पायमशीन चालवते. जेवते ती उभ्याने, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये, चमचा खाली ठेवायला जागा नसते तिथे. संध्याकाळी चल म्हटलं तर म्हणते, तुमचं होऊ दे, मग माझं बघू. वहिनी, माझं झालंय. माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकेल, कारण तुम्ही शिकवणाऱ्या आणि मी फक्त शिकलेला. तिला वेगळं पत्र घाला. वजनाचा उल्लेख करू नका, गुडघ्यांचाही फार नको. इतकंच, की अर्धा तास चालावं, बसून जेवावं. घाई नाही. दोन महिन्यांत एक मजला आणखी वाढला तरी वर्षाच्या आत ती वर येईल. माझ्या उरलेल्या ढिगात एक हस्तलिखित आहे. त्याच्या कापडी वेष्टणाला एक टाका घातलेला आहे, तो कोणता हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. वर्णन करून तिला विचारलं, तर म्हणते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. हस्तलिखित खाली न्यायला परवानगी नाही. सूचीत तेवढी एक ओळ मी कोरी ठेवली आहे.

ता. क. तिसरा. पत्र पातळ कागदावर लिहा. जाड कागद हाती लागला की ही त्यावर कॉलरचं माप आखून कापते. तुमचा मागचा कागद सध्या एका वकिलाच्या गळ्याचा आहे. ‘पाऊण भरलं की थांबा’ ही ओळ बरोबर त्याच्या मानेमागे येते.